मे महिन्यातला नकार

टोरोंटोत राहायला आल्यापासून दर मे महिन्यात ऑफिसात एक कुजबुज ऐकतो: अमुक खेळाडूने देशाला नाही म्हटलं! आइस हॉकीची जागतिक स्पर्धा दरवर्षी मे महिन्यात भरते आणि नेमके तेव्हाच एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये स्टॅन्ले कपचे बाद फेरीचे सामने रंगात असतात. म्हणून ज्यांचे क्लब स्टॅन्ले कपच्या शर्यतीबाहेर गेले, त्यांनाच बोलावणं जातं. साखळीत 80 हून अधिक सामने खेळून अंग ठेचलेलं असतं. कुणाची शस्त्रक्रिया ठरलेली, कुणाचा करार संपत आलेला. अशात गुडघा गेला तर? 2014 च्या सोची ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या जॉन टवारेसचा गेलाच, आणि त्याच्या क्लबला उरलेला हंगाम त्याच्याविना काढावा लागला. पगार क्लब देतो, हे आपण प्रेक्षक सोयीने विसरतो.

हौसेने जाणारेही आहेतच. 2015 मध्ये कॅनडाचा सिडनी क्रॉस्बी जागतिक स्पर्धेसाठी प्रागला गेला आणि कर्णधार म्हणून सुवर्णपदक घेऊन आला. ऑलिंपिकला तर बहुतेकांची जायची तयारी असते. पण 2018 मध्ये प्योंगचांग ऑलिंपिकला लीगनेच खेळाडू सोडले नाहीत. मला विचाराल तर दोष खेळाडूंपेक्षा वेळापत्रकाचा जास्त आहे.