पोटगीचा हुकूम आणि निराधारांचे अनुदान

न्यायालयाने पोटगी मंजूर केली म्हणजे एकट्या मातेचा प्रश्न सुटला, असा एक समज आहे. उल्हासनगर किंवा अंबरनाथच्या तहसील कार्यालयात अनुदानाचा अर्ज घेऊन जाणाऱ्या घटस्फोटितेच्या बाबतीत तो टिकत नाही. बदलापूरच्या स्त्रीलाही अंबरनाथच गाठावे लागते.

१९८० साली सुरू झालेल्या संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये आहे. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा मात्र २१,००० रुपये. पोटगी मिळत नसेल, अथवा या मर्यादेहून कमी मिळत असेल, तरच घटस्फोटिता पात्र ठरते.

आता हिशेब पाहावा. अन्य उत्पन्न नसलेल्या मातेला दरमहा १,७०० रुपये पोटगी मिळाली, तर अनुदानासह ३,२०० हाती येतात. पोटगी १,८०० झाली की मर्यादा ओलांडली जाते आणि अनुदान संपते. शंभराच्या वाढीपायी चौदाशेंचे नुकसान!

शिवाय हुकूम म्हणजे रोकड नव्हे. थकबाकीसाठी वॉरंट निघते, कैदही होऊ शकते. परंतु वर्षाच्या आत अर्ज करून तारखांना हेलपाटे घालायचे ते तिनेच, रोजगार बुडवून. नियमातील शब्द 'मिळणारी' पोटगी असा आहे, 'मंजूर झालेली' असा नाही. उत्पन्न मोजताना त्याचा विसर पडता कामा नये.

ब्रिटनने २०१० पासून मुलांची पोटगी सरकारी मदतीच्या हिशेबातून वगळली आहे. मुलाच्या दुधाचा व वह्यांचा पैसा हे आईचे उत्पन्न नव्हे, एवढे तत्त्व महाराष्ट्रानेही मान्य करावयास हवे.