नाला लाल, फोटो फिकट! मोबाईल रंग का बदलतो?

बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत नाल्यातून रंगीत पाणी वाहताना दिसलं की हात आधी मोबाईलकडे जातो. फोटो ग्रुपवर पडतो आणि खाली कमेंट येते, "कुठे आहे लाल? गढूळच तर दिसतंय." फोटो काढणाराच खोटा ठरतो. तारापूरच्या प्रदूषणाचं प्रकरण अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेलं होतं. त्यामुळे इथे फोटोतला रंग ही नुसती हौस नाही.

घोळ होतो 'ऑटो व्हाइट बॅलन्स'मुळे. कॅमेऱ्यात पोहोचतो तो उजेडाचा रंग आणि वस्तूचा रंग यांचा गुणाकार. त्यातलं उजेडाचं किती आणि वस्तूचं किती, हे त्याला कळत नाही. बल्बखालचा पांढरा कागद आणि उन्हातला पिवळसर कागद त्याला सारखेच वाटू शकतात. (आपला मेंदूही फसतो. 2015 मधला 'निळा-काळा की पांढरा-सोनेरी' ड्रेस आठवतोय ना?)

मग कॅमेरा अंदाज बांधतो. जुना, सोपा अंदाज म्हणजे 'ग्रे वर्ल्ड': दृश्यातले सगळे रंग मिसळले तर सरासरी राखाडी येते. समजा, फोटोत लाल रंगाची सरासरी 180, हिरव्याची 120 आणि निळ्याची 90 आली. कॅमेरा म्हणतो, उजेडच तांबडा आहे! तो लाल 0.67 ने, निळा 1.33 ने गुणतो. तिन्ही 120 वर येतात. भाजीबाजारात हे जमून जातं. पण फ्रेमभर फक्त लाल पाणी असेल, तर पुसला जातो तो पाण्याचाच रंग.

आता अनेक फोन फोटोंवर शिकवलेली मॉडेल्स वापरतात, तरी चकतात. 9 सप्टेंबर 2020 ला वणव्याच्या धुराने सॅन फ्रान्सिस्कोचं आकाश नारिंगी झालं, तेव्हा कित्येकांच्या फोनने ते चक्क राखाडी दाखवलं.

उपाय स्वस्त आहे. त्याच उजेडात, पाण्याशेजारी कोरा पांढरा कागद धरून फोटो काढा. फोटो एडिट करताना तो कागद पांढरा दिसेल असा रंग जुळवला की पाण्याचा रंगही बराचसा जागेवर येतो. मूळ फोटो मात्र तसाच जपून ठेवा. झूम टाळा, काठ, गवत, रस्ता फ्रेममध्ये येऊ द्या. आणि शक्यतो दिवसा काढा. रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियम दिव्यात निळा उजेड फारच कमी असतो, आणि जो रंग उजेडातच नव्हता तो एडिट करून परत येत नाही.

पाण्यात नेमकं कोणतं रसायन आहे, हे मात्र कितीही चांगल्या फोटोतून कळणार नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच न्यावा लागतो.