स्थानिक चलांचे मूल्यधारण, पास्कलमधील
पास्कल या संगणकीय भाषेत प्रोसीजरमध्ये घोषित केलेले चल त्या पाचारणापुरतेच अस्तित्वात असते. प्रोसीजर संपताच त्याचे मूल्य नष्ट होते. उदा., पेणहून रोह्यास जाणाऱ्या गणेशमूर्ती एकेक करून मोजणाऱ्या प्रोसीजरमध्ये मागील गणती उरणार नाही. चल मुख्य कार्यक्रमात घोषित केल्यास ती उरते. परंतु मग कार्यक्रमाचा कोणताही भाग ती बदलू शकतो व चूक शोधणे अवघड होते. अल्गॉल ६० मधील ‘ओन’ चलांची सोय निक्लाउस व्हिर्ट यांनी पास्कलमध्ये (१९७०) ठेवली नाही. टर्बो पास्कलमध्ये प्रकारासह घोषित केलेला स्थिरांक ही उणीव भरून काढतो. त्यास आरंभमूल्य एकदाच मिळते. नावाने स्थिरांक असूनही त्याचे मूल्य बदलता येते, प्रोसीजरबाहेर तो अदृश्य राहतो आणि बदललेले मूल्य पुढील पाचारणापर्यंत टिकते.