शिकवणारी रुग्णालये आणि रुग्णाची सुरक्षितता

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात दहांतील सुमारे एक बाळंतीण सूतिकाज्वराने दगावे. दुसऱ्यात हे प्रमाण निम्म्याहूनही कमी होते. शहरातील बायकांना हे पक्के ठाऊक होते. पहिल्या विभागात धाडू नका, म्हणून त्या हातापाया पडत. जेथे अधिक विद्या तेथेच अधिक मृत्यू, ही गोष्ट विद्वानांना कोडे वाटत होती.

ते कोडे इग्नाझ सेमेलवाईस या तरुण डॉक्टराने सोडविले. १८४७ च्या मार्चमध्ये त्याचे प्राध्यापक मित्र कोलेट्श्का शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याची सुरी बोटाला लागून वारले, आणि त्यांच्या देहात सूतिकाज्वराचीच लक्षणे आढळली. विद्यार्थी शवविच्छेदनाच्या टेबलावरून थेट बाळंतिणीच्या खाटेशी जात; सुइणी शवांना हात लावीत नसत. मे महिन्यात सेमेलवाईसने क्लोरिनेटेड लाइमच्या, म्हणजे आपल्याकडे विहिरीत टाकतात त्या ब्लीचिंग पावडरीच्या जातीच्या, पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमधील अठरा टक्क्यांवरून मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये दोन टक्क्यांच्या आसपास उतरले.

पुढची हकीकत अधिक बोधप्रद आहे. सेमेलवाईसने हुकूम दिला. परंतु आपला विचार ग्रंथरूपाने सविस्तर मांडला तो थेट १८६१ मध्ये. आपल्याच हातांनी रुग्ण मरतात, हे ज्येष्ठांच्या गळी उतरले नाही. १८५० मध्येच तो व्हिएन्ना सोडून गेला होता.

वैद्यकाचे शिक्षण अनेक अंगांनी वाढले, तरी हा पेच सुटला असे म्हणता येत नाही. १९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने असा अंदाज दिला की, त्या देशातील रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांनी दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार माणसे मरतात. हे आकडे फुगलेले असल्याचा आक्षेप पुढे घेतला गेला. परंतु एक गोष्ट कोणी नाकारली नाही. या चुका करणारे अडाणी नव्हते. उत्तम शिकलेली माणसे थकव्याने, घाईने, सारख्या दिसणाऱ्या बाटल्यांनी आणि परस्परांत न बोलल्याने चुकत होती.

'न बोलल्याने' हा शब्द येथे कळीचा आहे. मिशिगन राज्यातील शंभराहून अधिक अतिदक्षता कक्षांत मोठ्या शिरेत नळी घालताना पाळावयाच्या अवघ्या पाच गोष्टी शिकविण्यात आल्या. त्यांत हात धुणे होतेच. नवे काही असेल तर ते एवढेच की, डॉक्टराने एखादी पायरी गाळली तर त्याला थांबविण्याचा अधिकार परिचारिकेला दिला गेला. या कक्षांतील रक्तसंसर्गाचे मध्यक प्रमाण नळीच्या हजार दिवसांमागे २.७ वरून तीन महिन्यांत शून्यावर आले. हे वृत्त २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या एखाद्या वॉर्डात 'सिस्टर' मोठ्या साहेबांना 'थांबा' म्हणते आहे, असे चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणून पाहावे.

अतुल गावंडे हे नाव या संदर्भात महाराष्ट्राला परके नाही. त्यांच्या वडिलांचे गाव यवतमाळ जिल्ह्यातील उटी. त्यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी एकोणीस कलमांची तपासयादी केली. नवी दिल्लीसह आठ शहरांत तिचा प्रयोग झाला, आणि मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. भूल देणाऱ्यापासून परिचारिकेपर्यंत प्रत्येकाने चिरा देण्यापूर्वी आपले नाव व काम सांगावे, हे त्यातील एक कलम. ज्याने एकदा तोंड उघडले तो संकटसमयीही बोलतो, असा त्यामागचा विचार.

आणि तरीही कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात हीच यादी १०१ रुग्णालयांत लागू झाली, तेव्हा मृत्यूंत म्हणण्याजोगा फरक पडला नाही, असे २०१४ च्या अभ्यासात दिसले. कारणांविषयी वाद आहे. पण फर्मानाने कागद भरला जातो, सवय लागत नाही, हे ज्याने सरकारी कचेरीत चार वर्षे काढली आहेत त्याला समजावून सांगावे लागू नये.

भारतात २०१९ पासून वैद्यकाच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण व्याख्यानगृहात संवाद शिकून विद्यार्थी ज्या वॉर्डात जातो, तेथे वरिष्ठाला प्रश्न विचारणे हा उद्धटपणा ठरत असेल, तर तो वॉर्डाचाच धडा गिरवील. शिवाय डॉक्टर एका इमारतीत, परिचारिका दुसऱ्या, औषधनिर्माते तिसऱ्याच महाविद्यालयात शिकतात. ज्यांना पुढे एकाच खाटेभोवती उभे राहावयाचे, त्यांची पहिली ओळख नोकरीत व्हावी हे विचित्र आहे.

झालेल्या मृत्यूंची व गुंतागुंतीची चर्चा करणारी सभा शिकवणाऱ्या रुग्णालयांत घेण्याची पद्धत जुनी आहे. त्या सभेत रात्रपाळीची परिचारिका आणि औषधविभागाचा माणूस विद्यार्थ्यांच्या शेजारी बसला, आणि कोणाचे चुकले याऐवजी काय चुकले हे प्रथम विचारले गेले, तर ते शिक्षण कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून सरस ठरेल. त्यासाठी नवी इमारत नको, अनुदानही नको; सभेची वेळ तेवढी पाळीबदलाशी जुळवून घ्यावी लागेल.