घोड्याचाही होकार हवा

लांब पल्ल्याची घोडदौड नागपूरला अपरिचित नाही. रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर १७४२ साली घोडदळ घेऊन थेट बंगालवर चालून गेले. तेथील अंगाईगीतांत ‘बर्गी’ आजही वावरतो. हा शब्द आपल्या बारगिराचा. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदाराचा मात्र स्वतःचा असे. घोडा पडला की शिलेदाराची उपजीविकाच बुडे.

आज अशी दौड हा क्रीडाप्रकार झाला आहे. एका दिवसात शंभर मैल जाणारे घोडे अजून आहेत, हे दाखविण्यासाठी वेंडेल रोबी व त्यांचे सोबती १९५५ साली कॅलिफोर्नियात निघाले आणि त्यातून टेव्हिस चषक स्पर्धा जन्मली. आंतरराष्ट्रीय शर्यतींत १६० किलोमीटरचे अंतर टप्प्याटप्प्याने कापावयाचे असते. प्रत्येक टप्प्यावर पशुवैद्य घोडा तपासतो. त्याच्या नाडीचे ठोके ठरल्या मुदतीत, सामान्यतः मिनिटाला ६४ पर्यंत, उतरले नाहीत किंवा तो लंगडला, तर स्वार कितीही ताजातवाना असो, त्याची शर्यत तेथेच संपते. तरीही वेगाची हाव सुटत नाही. घोड्यांच्या हेळसांडीमुळे आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१५ साली संयुक्त अरब अमिरातीच्या संघटनेला निलंबित केले होते.

तेव्हा असे आव्हान पत्करण्याचा निर्णय केवळ धाडसाचा नव्हे. महिनोन्‌महिने धिम्या गतीने घोडा तयार करणे, विदर्भाच्या उन्हात त्याला जपणे आणि प्रसंगी अखेरच्या टप्प्यावरही पायउतार होणे, याची तयारी त्यात गृहीत आहे. शिलेदार घोड्याला पोटासाठी जपत असे. आजच्या स्वाराने ते विवेकाने करावयाचे आहे.