जुन्या मोटारगाड्यांचा विमा

जुन्या मोटारगाड्यांचा विमा : उत्पादन बंद झालेल्या, जतन करून ठेवलेल्या आणि तरीही रस्त्यावर चालविल्या जाणाऱ्या मोटारगाड्यांसाठी घ्यावयाचा विमा. गाडीचे मूल्य वर्षागणिक घटत जाते, या गृहीतावर सर्वसाधारण मोटार विम्याची उभारणी झालेली आहे. सुस्थितीत राखलेल्या जुन्या गाडीचे मूल्य मात्र काही काळानंतर घटण्याचे थांबते व पुढे ते वाढूही लागते. या विसंगतीमुळे अशा गाडीचा विमा स्वतंत्र विचाराचा विषय ठरतो. गाडी केवळ संग्रहात उभी असेल, तर प्रश्न तुलनेने सोपा असतो. ती चालविली जात असेल, तर तिचा वापर कोणता आणि तिचे मूल्य किती, या दोन गोष्टी विमापत्र घेतानाच निश्चित कराव्या लागतात. अपघातानंतर त्या ठरविता येत नाहीत.

‘जुनी गाडी’ या संज्ञेची एकच एक व्याख्या नाही. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या (स्थापना १९६६) मते किमान तीस वर्षांची, मूळ स्वरूपात राखलेली व रोजच्या वाहतुकीसाठी न वापरली जाणारी गाडी ऐतिहासिक होय. भारतातील २००२ च्या मोटार विमा दरपत्रकाने ३१ डिसेंबर १९४० पूर्वी तयार झालेल्या आणि ‘व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया’ या संस्थेने प्रमाणित केलेल्या गाडीसच ‘व्हिंटेज’ म्हटले. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने हीच संज्ञा पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या गाडीस लावली. परिणामी, कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली व १९७५ मध्ये नोंदलेली पद्मिनी ही २०२५ नंतर परिवहन कार्यालयाच्या दृष्टीने व्हिंटेज ठरू शकते. दरपत्रकाच्या दृष्टीने ती ठरत नाही. मालकांचा गोंधळ होतो तो बहुधा येथेच.

विम्याची सक्ती : भारतात त्रयस्थ व्यक्तीस होणाऱ्या इजेबद्दलचा विमा १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या आठव्या प्रकरणानुसार १ जुलै १९४६ पासून सक्तीचा झाला. १९८८ च्या अधिनियमातील कलम १४६ ने ही सक्ती पुढे चालू ठेवली. सार्वजनिक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक वाहनास ती लागू असून गाडीच्या वयाचा तिच्याशी संबंध नाही. वाडीतील पडवीत उभ्या असलेल्या गाडीस विमा नसला, तरी चालतो. तीच गाडी दुरुस्तीनंतर तपासण्यासाठी म्हणून फाट्यापर्यंत नेली, तरी विमा आवश्यक ठरतो. या विम्यात मृत्यू व शारीरिक इजा यांबाबतच्या भरपाईस मर्यादा नाही. त्रयस्थाच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा खाजगी गाडीसाठी साडेसात लाख रु. आहे. स्वतःच्या गाडीचे नुकसान मात्र यात येत नाही. त्यासाठी व्यापक विमापत्र घ्यावे लागते. पंधरा वर्षांपेक्षा जुन्या गाडीस असे विमापत्र देण्यास अनेक विमा कंपन्या नाखूष असतात आणि त्यामुळे बहुतेक जुन्या गाड्या केवळ सक्तीच्या विम्यावर धावतात.

त्रयस्थ विम्याचे दर शासन ठरविते. २०२२ च्या नियमांनुसार १,००० ते १,५०० घ. सेंमी. क्षमतेच्या खाजगी गाडीसाठी वार्षिक हप्ता ३,४१६ रु. व त्याहून मोठ्या एंजिनासाठी ७,८९७ रु. ठरविण्यात आला, व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या गाडीस त्यात ५० टक्के सूट देण्यात आली. १,०८९ घ. सेंमी. एंजिन असलेल्या पद्मिनीच्या बाबतीत ही सूट १,७०८ रु. होते. परंतु या सवलतीची किंमत वापराच्या रूपाने मोजावी लागते. व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. तिचा सांगाडा, कवच व एंजिन यांत मोठे फेरबदल झालेले चालत नाहीत. नव्या नोंदणीस २०,००० रु., तर पुनर्नोंदणीस ५,००० रु. शुल्क असून नोंदणी दहा वर्षे टिकते. अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन भरणे व देखभाल यांसाठी, तसेच प्रदर्शनास किंवा फेरीस जाण्या-येण्यासाठीच रस्त्यावर आणता येते. नित्य वा व्यावसायिक वापरास मनाई आहे.

पालघर जिल्ह्यातील उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातील गाड्यांची नोंदणी एमएच ४८ या संकेतांकाखाली होते. बोईसरहून सुमारे शंभर किमी. अंतरावरील मुंबईत जुन्या गाड्यांच्या फेरीसाठी व्हिंटेज नोंदणीची गाडी नेणे नियमात बसते. त्याच गाडीतून दर रविवारी पालघरच्या बाजारात किंवा केळव्याच्या किनाऱ्यावर जाणे बसत नाही. नोंदणीच्या अटीबाहेरील अशा प्रवासात अपघात झाल्यास विमा कंपनीस दावा नाकारण्याचे निमित्त मिळते. ज्यास गाडी खरोखर चालवावयाची आहे, त्याने वर्षाकाठी सतराशे रुपयांच्या बचतीसाठी व्हिंटेज नोंदणी करू नये, हे उघड आहे. त्याने पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणारे नोंदणीचे नूतनीकरण वेळेवर करून घ्यावे. नोंदणी संपलेल्या गाडीचा विमा चालू असला, तरी स्वतःच्या नुकसानीचा दावा वादात सापडतो.

विमामूल्य : व्यापक विमापत्रातील सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे घोषित विमामूल्य (आयडीव्ही) होय. नव्या गाडीच्या बाबतीत ते उत्पादकाच्या विक्री किंमतीतून ठराविक घसारा वजा करून काढतात. चार ते पाच वर्षांच्या गाडीसाठी हा घसारा ५० टक्के असतो. पाच वर्षांपुढील, तसेच उत्पादन बंद झालेल्या गाडीचे मूल्य कंपनी व विमाधारक यांनी परस्परसंमतीने ठरवावे, असे दरपत्रकात म्हटले आहे. एकदा ठरलेले मूल्य हे विमापत्राच्या मुदतीत गाडीचे बाजारमूल्य मानले जाते व संपूर्ण हानीच्या दाव्यात त्यातून आणखी घसारा वजा होत नाही. दरपत्रकाने ‘संमत मूल्याचे विमापत्र’ फक्त १९४० पूर्वीच्या गाड्यांना मोकळे ठेवले होते. परंतु पाच वर्षांपुढील गाडीस वरील तरतुदीमुळे व्यवहारात जवळपास तेच संरक्षण मिळू शकते. मालकांना याची जाणीव क्वचितच असते आणि अभिकर्ता सुचवील तो आकडा ते मान्य करतात.

हा आकडा कमी ठेवल्याने काय घडते, ते पाहण्यासारखे आहे. दुरुस्तीचा एकूण खर्च विमामूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाल्यास गाडीची ‘रचनात्मक संपूर्ण हानी’ झाली, असे मानतात. एका पद्मिनीचे विमामूल्य ६०,००० रु. व दुरुस्तीचा खर्च ८०,००० रु. मानल्यास, घसारा वजा जाऊनही तो ४५,००० रुपयांची रेषा ओलांडतो. मालकास ६०,००० रुपयांतून सक्तीची वजावट जाऊन उरलेली रक्कम मिळते आणि दुरुस्त होऊ शकणारी गाडी हिशेबाने भंगार ठरते. तिचेच मूल्य अडीच लाख रु. ठरले असते, तर ही रेषा १,८७,५०० रुपयांवर गेली असती व गाडी दुरुस्त झाली असती. २००२ च्या दरपत्रकात मोठी शहरे वगळता इतरत्र या वयाच्या व क्षमतेच्या गाडीस सुमारे ३·४ टक्के दर होता. त्या दराने दोन्ही मूल्यांच्या हप्त्यांतील फरक वर्षाला साडेसहा हजार रुपयांच्या आत येतो. १ जानेवारी २००७ पासून या भागाचे दर खुले झाल्याने आता ते कंपनीगणिक बदलतात. तथापि विमापत्रांची शब्दयोजना पुष्कळ अंशी जुन्या दरपत्रकाचीच राहिली आहे. अधिक मूल्य मान्य करून घेण्यासाठी स्वतंत्र मूल्यनिर्धारकाचा अहवाल, सर्व बाजूंची छायाचित्रे आणि जीर्णोद्धारावर झालेल्या खर्चाच्या पावत्या सादर कराव्यात. कुर्ल्याच्या किंवा चोरबाजाराच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांतून पावतीविना घेतलेला भाग गाडीस शोभा आणतो, पण मूल्यात धरला जात नाही.

अंशतः नुकसानीत वेगळा हिशेब लागू होतो. दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या व लाकडी भागांवर ५० टक्के, रबर, प्लॅस्टिक, टायर व विद्युत् घट यांवर ५० टक्के, तर फायबर काचेच्या भागांवर ३० टक्के घसारा कापतात. काचेवर घसारा नाही. रंगाच्या साहित्यावरही ५० टक्के कपात होते. कारागिराची मजुरी मात्र पूर्ण मिळते. १,५०० घ. सेंमी. पर्यंतच्या गाडीस प्रत्येक दाव्यात १,००० रु. व त्याहून मोठ्या गाडीस २,००० रु. सक्तीची वजावट असते. जुन्या गाडीच्या दुरुस्तीत पत्रा ठोकून सरळ करण्याचे काम अधिक व नवे भाग कमी असल्याने ही कपात वाटते तितकी जाचक ठरत नाही. नादुरुस्त गाडी हलविण्यासाठी मिळणारे १,५०० रु. मात्र फारच अपुरे आहेत. मनोरजवळ महामार्गावर अपघात झालेली गाडी तिची जाण असलेल्या मुंबईतील कारागिराकडे न्यावयाची, तर त्या रकमेत भागत नाही. जादा हप्ता भरून ही मर्यादा वाढवून घेणे इष्ट होय.

वापराच्या मर्यादा व स्थानिक जोखमी : खाजगी विमापत्रात भाड्याने वा मोबदल्यासाठी होणारा वापर, शर्यत आणि वेगचाचणी वर्ज्य असतात. लग्नाच्या वरातीसाठी किंवा चित्रीकरणासाठी जुनी गाडी पैसे घेऊन देण्याची प्रथा सर्वत्र रूढ आहे. ती या मर्यादेचा भंग करणारी आहे. फेऱ्यांसाठी दरपत्रकात स्वतंत्र पुरवणी कलम असून आयोजकांच्या नियमावलीसह ते आधी जोडून घ्यावे.

तारापूर परिसरात या कलमांना विशेष अर्थ आहे. खाऱ्या वाऱ्याने व औद्योगिक वसाहतीतील रासायनिक हवेने पत्रा गंजतो, पण गंज ही झीज असल्याने तिची भरपाई नाही. आग व स्फोट यांपासून होणारे नुकसान विम्यात येते. जानेवारी २०२० मध्ये या वसाहतीत झालेल्या भीषण स्फोटासारख्या प्रसंगी जवळ उभ्या असलेल्या गाडीस ते संरक्षण मिळते, परंतु केवळ व्यापक विमापत्र असेल तरच. १९६९ पासून अणुवीज केंद्र असलेल्या या गावाच्या दृष्टीने आणखी एक कलम लक्षणीय आहे. किरणोत्सर्गामुळे होणारी हानी देशातील प्रमाणित मोटार विमापत्रांनी वगळलेली आहे. हे कलम तारापूरसाठी रचलेले नाही. अशा हानीचे दायित्व अणुऊर्जाविषयक स्वतंत्र कायद्याने ठरते. पुराचे पाणी गाडीत शिरल्यास नुकसान भरून मिळते, मात्र पाण्यात उभी असलेली गाडी सुरू करण्याचा प्रयत्न केल्याने एंजिन बिघडले, तर ते परिणामी नुकसान मानून दावा नाकारला जातो.

पावसाळ्याचे चार महिने गाडी बाहेर न काढणाऱ्या मालकांसाठी दरपत्रकात ‘उभ्या गाडीची’ तरतूद होती. तीनुसार आग, चोरी यांसारख्या जोखमींचे संरक्षण चालू ठेवून उर्वरित विमा स्थगित करता येई व हप्त्यात सवलत मिळे. या काळात त्रयस्थ विमाही स्थगित असल्याने गाडी रस्त्यावर आणता येत नाही. विमापत्र सरळ संपू देणे हा मात्र त्यास पर्याय नव्हे : नव्वद दिवसांत नूतनीकरण न झाल्यास पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत साठणारी दावारहित सवलत बुडते आणि पुन्हा व्यापक विमा देण्यापूर्वी कंपनी गाडीची नव्याने तपासणी करते.