स्टेजवरची ढोलकी आणि मागच्या स्क्रीनवरचा व्हिडिओ एका ठेक्यात कसे चालतात?

गणपती, नवरात्र, गावची जत्रा नाहीतर लग्नाचं संगीत. अमरावती-अकोल्याकडे आता ऑर्केस्ट्रा म्हटलं की स्टेजच्या मागे एलईडी स्क्रीन आलीच. गायक शिवरायांचं गाणं गातोय, मागे गडाचा व्हिडिओ सुरू आहे. पण अंतरा संपायच्या आधीच स्क्रीनवर तोफ उडते आणि ढोलकीवाल्याची तिहाई मागून येते. पब्लिक हसतं आणि स्क्रीनकडे पाठ असलेल्या गायकाला काय झालं तेच कळत नाही.

चूक नेमकी कोणाची?

बहुतेक वेळा कोणाचीच नाही. व्हिडिओ घड्याळावर चालतो, माणूस अंगातल्या लयीवर.

समजा, गाण्याची लय मिनिटाला १२० ठोक्यांची आहे आणि व्हिडिओ त्याच हिशोबानं ४ मिनिटांचा बनवलाय. टाळ्या पडल्या, वादक रंगात आले आणि लय १२२ वर गेली. ऐकणाऱ्याला हा फरक जाणवतही नाही. पण ४ मिनिटांत ४८० ठोके असतात. ते आता ४ सेकंद आधीच संपतात. तोफ चुकायला तेवढं पुरे.

हा प्रश्न १०० वर्षांहून जुना आहे

३ मे १९१३ ला दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. तो मूकपट होता. त्या जमान्यात पडद्याजवळ पेटी-तबलेवाले बसायचे आणि चित्र बघून वाजवायचे. चित्र पुढे, वादक मागे, असा साधा नियम होता. १९३१ ला 'आलम आरा' आला, १९३२ ला मराठीत 'अयोध्येचा राजा' आला. चित्र आणि आवाज एकत्रच यायला लागले आणि थिएटरातल्या वादकांचं काम गेलं.

एलईडी स्क्रीनमुळे वादक आणि पडदा पुन्हा समोरासमोर आलेत. फरक इतकाच, की कोणी कोणाच्या मागे चालायचं हे आता ठरवावं लागतं.

पद्धत पहिली : माणूस मशीनच्या मागे

याला क्लिक ट्रॅक म्हणतात. वादकाच्या कानातल्या हेडफोनमध्ये 'टिक-टिक' वाजत राहते आणि तो त्यावरच वाजवतो. पब्लिकला ती ऐकू येत नाही.

याचा स्वस्तातला जुगाडही आहे. व्हिडिओ फाइलच्या डाव्या चॅनलवर म्युझिक ठेवायचं आणि उजव्या चॅनलवर क्लिक. डावं जातं स्पीकरला, उजवं ढोलकी किंवा ड्रमवाल्याच्या कानात. फाइल एकच असल्यामुळे चित्र आणि क्लिक यांची फारकत होत नाही. सुरुवातीला ४ ठोके मोकळे द्यायचे, म्हणजे सगळे एकदम उठतात. दादरा ६ मात्रांचा, केहरवा ८ मात्रांचा. त्यामुळे समेवरचा टिक वेगळ्या आवाजाचा ठेवला तर वादक मध्येच चुकला तरी पुन्हा जागेवर येतो. हेडफोन मात्र वायरचाच हवा, कारण ब्लूटूथवर आवाज उशिरा पोहोचतो.

मोठ्या शोमध्ये टाइमकोड वापरतात. तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम सांगणारं हे एक घड्याळ असतं. लाइट, व्हिडिओ, ट्रॅक सगळे त्याच्यावर चालतात. लंडनमध्ये २०२२ पासून सुरू असलेल्या 'अ‍ॅबा व्हॉयेज'मध्ये स्क्रीनवर कलाकारांचे डिजिटल अवतार गातात आणि बाजूला १० जणांचा खराखुरा बँड वाजवतो. अशा शोमध्ये माणसांना मशीनला धरूनच वाजवावं लागतं.

पद्धत दुसरी : मशीन माणसाच्या मागे

इथे व्हिडिओचे तुकडे करतात. मुखड्याचा एक, अंतऱ्याचा एक, शेवटचा एक. प्रत्येक तुकडा पुन्हा-पुन्हा फिरत राहील असा बनवतात. ऑपरेटर गाणं ऐकतो आणि समेवर बटण दाबतो. गायकानं मुखडा दोनदा घेतला, मध्येच 'वन्स मोअर' आला, तरी काही बिघडत नाही. क्यूलॅब, रेझोल्यूम अशी सॉफ्टवेअर यासाठीच आहेत. फक्त बटणावर बसलेल्या माणसाला गाणं पाठ पाहिजे.

खंजिरीला टिक-टिक चालेल का?

वऱ्हाडात हा प्रश्न महत्त्वाचा आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. मोझरीला त्यांचा गुरुकुंज आश्रम आहे. त्यांच्या खंजिरी भजनांची परंपरा गावागावातल्या मंडळांनी जपली आहे. भजन रंगलं की लय चढते आणि त्या चढण्यातच त्याची खरी मजा असते. तिथे क्लिक लावली तर स्क्रीन जुळेल, पण भजन आहे तिथेच राहील. म्हणून भजनाला दुसरी पद्धतच बरी.

जुन्या रेकॉर्डिंगला आजच्या वादकांनी साथ द्यायची असेल तर गोष्ट उलटी होते. रेकॉर्डिंगमधला माणूस थांबणार नाही, म्हणून त्याच्या बदलत्या लयीवरच क्लिक बसवावी लागते. शिवाय पेटीचे सूर पक्के असतात. जुनी तबकडी साधारण ६ टक्के जोरात फिरली तर स्वर अर्धा सूर वर जातो. आधी रेकॉर्डिंग पेटीशी जुळवून घ्यायचं, मग तालमीला बसायचं.

मैदानात अजून एक घोळ

प्रकाश लगेच पोहोचतो, आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. सायन्सकोरसारख्या मैदानात १०० मीटरवर उभ्या माणसाला थाप दिसल्यावर जवळपास पाव सेकंदानं ऐकू येते. उलट कॅमेऱ्यातून स्क्रीनवर चित्र यायला २-३ फ्रेम लागू शकतात, म्हणजे ८० ते १२० मिलिसेकंद. त्यामुळे कधी पुढच्या रांगेत आवाज आधी, मधल्या रांगेत बरोबर आणि मागे चित्र आधी असंही होतं!

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या १२५ मिलिसेकंद मागे असेपर्यंत सहसा लक्षात येत नाही, पण तोच ४५ मिलिसेकंद आधी आला की खटकायला लागतो. म्हणून साउंडवाले स्पीकरला मोजून उशीर देतात. जुळवणी बघायची तर एकाला स्टेजवर टाळी वाजवायला सांगायची आणि आपण मैदानभर फिरून बघायचं.

स्क्रीन भाड्यानं मिळते, तालीम मिळत नाही. मंडळाच्या बजेटमध्ये एलईडीचा आकडा असतो, पण वादक आणि ऑपरेटर यांच्या एकत्र तालमीचा बहुधा नसतो. मग गोंधळ नको म्हणून शेवटी वादकांनाच हटवून सगळं ट्रॅकवर वाजवलं जातं. मूकपटाच्या वादकांचं काम तंत्र बदललं म्हणून गेलं. आताच्या ढोलकीवाल्याचं काम एका दिवसाची तालीम ठेवली तरी वाचू शकतं.